सीरियल कार्ड लिनक्सवर ‘चालंना’ म्हणजे नेमकं काय अडलंय?

कोल्हापुरातल्या फाउंड्रीत, मशीनशॉपमध्ये किंवा वजनकाट्याच्या केबिनमध्ये नऊ पिनांचा एक जुना कनेक्टर, म्हणजे सीरियल पोर्ट, अजून हमखास सापडतो. शिरोलीतल्या एखाद्या शॉपमधल्या जुन्या सीएनसीला प्रोग्रॅम त्यातूनच जातो. भट्टीतल्या धातूचा नमुना तपासणारा जुना स्पेक्ट्रोमीटर निकाल त्यातूनच देतो. गाळप हंगामात उसाची ट्रॉली काट्यावर चढली की आकडा दाखवणारा इंडिकेटरही वजन त्याच वाटेनं पावतीच्या काँप्युटरकडे पाठवतो. ही यंत्रं धडधाकट आहेत, ती बदलायचं कुणाच्या मनात नाही. काँप्युटर मात्र बदलत राहतो आणि नव्या मदरबोर्डाच्या मागे हा कनेक्टर बहुधा नसतोच. मग दुकानातून पीसीआय एक्सप्रेसचं सीरियल कार्ड येतं.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. काट्यावरचा जुना पीसी विंडोज ११ घेत नाही, म्हणून त्यावर लिनक्स टाकायचा विचार होतो. कार्ड बसतं, केबल लागते, आणि फोन येतो, “कार्ड बसवलंय, पण चालंना.”

‘चालंना’ या एका शब्दाखाली निदान पाच-सहा वेगवेगळी दुखणी असतात. मदरबोर्डाला कार्ड दिसलंच नसेल. दिसलं असेल, पण कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, चिप ओळखली नसेल. ओळखली असेल, पण पोर्टाला नाव मिळालं नसेल. नाव असेल, पण वापरणाऱ्याला परवानगी नसेल. परवानगी असेल, पण वेग चुकला असेल. किंवा हे सगळं बरोबर असून केबल चुकीची असेल. बहुतेक लोक या सगळ्यावर एकच औषध शोधतात, ते म्हणजे ड्रायव्हर. खरं तर बाजारातल्या नेहमीच्या कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आधीपासून असतो. त्यामुळे कार्डाबरोबर आलेली सीडी सरळ खोक्यात ठेवून द्या.

कार्डावरची चिप करते काय

कार्डावरच्या मुख्य चिपला यूआर्ट म्हणतात. काँप्युटर तिच्याकडे एक पूर्ण बाइट देतो आणि ती त्यातले बिट एकामागून एक तारेवर सोडते. आधी एक स्टार्ट बिट, मग आठ बिट माहिती, शेवटी एक स्टॉप बिट, म्हणजे एका अक्षरामागे दहा बिट. समोरून येणारे बिट गोळा करून त्यांचा पुन्हा बाइट बनवणं हेही तिचंच काम. दोन्ही टोकांमध्ये घड्याळाची वेगळी तार नसते. वेग आधीच ठरलेला असतो आणि दोघांनी तो पाळायचा असतो. पुढची बरीच रड इथूनच सुरू होते.

या चिपांचं मूळ घराणं ८२५०. तिच्यात आलेला एकच बाइट ठेवायची सोय होती. तो उचलायच्या आत दुसरा आला की पहिला गेला. नंतरच्या १६५५०ए मध्ये सोळा बाइटांची रांग आली. कारखान्याच्या काट्यासमोर ट्रॉल्या उभ्या करायला मोकळं पटांगण असलं की काटेवाला दोन मिनिटं उठून गेला तरी रस्ता तुंबत नाही, तसंच हे. सेकंदाला ११५२०० बिटांच्या वेगानं एक बाइट यायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सोळांच्या रांगेमुळे प्रोसेसरला जवळजवळ दीड मिलिसेकंदाची उसंत मिळते. पुढच्या चिपांत ही रांग ३२, ६४, १२८ अशी वाढत गेली. लिनक्समधल्या ड्रायव्हरचं नाव अजूनही ८२५० च आहे. त्यामुळे कर्नलच्या नोंदीत हा आकडा दिसला की आपलं कार्ड इतकं जुनाट आहे का, असं वाटून घेऊ नका.

पहिला प्रश्न मदरबोर्डाला

टर्मिनल उघडा आणि एल एस पी सी आय ही आज्ञा द्या, सगळी अक्षरं लहान लिपीत आणि सलग. यादीत ‘सीरियल कंट्रोलर’ अशी ओळ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही. मशीन बंद करून कार्ड काढा, सोनेरी कडा पुसा, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. पीसीआय एक्सप्रेसचं छोटं कार्ड ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटमध्येही चालतं. भट्टीच्या आसपासच्या पीसीत काळी पूड साचलेली असते, आणि ‘ड्रायव्हर मिळत नाही’ म्हणून आलेली काही कार्डं निव्वळ ब्रशनं दुरुस्त होतात.

याच आज्ञेला ‘उणे एन एन’ जोडलं की उत्पादकाचा आणि चिपेचा क्रमांक दिसतो. खरं नाव तेच. खोक्यावर कुठलाही ब्रँड असो, आत ठरावीक चार-पाच घराण्यांच्याच चिपा असतात. १४१५ म्हणजे ऑक्सफर्ड सेमीकंडक्टर, १३ए८ म्हणजे एक्सार, १सी०० म्हणजे डब्ल्यूसीएच, १२५बी म्हणजे एसिक्स, आणि ९७१० म्हणजे मॉसचिप. ही मॉसचिप आपल्या शेजारची, हैदराबादची कंपनी, आणि तिच्या ९८३५ चिपेची जुनी पीसीआय कार्डं एके काळी गल्लोगल्ली मिळत. इंटरनेटवर मदत शोधताना ब्रँड टाकू नका, हे क्रमांक टाका.

‘उणे के’ जोडलं तर कुठल्या ड्रायव्हरनं कार्ड ताब्यात घेतलंय ते कळतं. साध्या कार्डापुढे ‘सीरियल’ असं नाव येतं. कार्डावर प्रिंटरचा समांतर पोर्टही असेल तर ते ‘पारपोर्ट सीरियल’ या वेगळ्या मॉड्यूलच्या वाट्याला जातं. ते मॉड्यूल लोड झालेलं नसेल तर सीरियल पोर्टही दिसत नाहीत, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

नावांचा घोळ

लिनक्समध्ये सीरियल पोर्टाची नावं टीटीवायएस० पासून सुरू होतात आणि ती डेव्ह या फोल्डरमध्ये असतात. पहिली चार नावं जुन्या पीसीच्या चार ठरलेल्या पत्त्यांसाठी राखलेली आहेत. प्रत्येकाला एक पत्ता आणि एक इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार: कॉम१ चा पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट ४, कॉम२ चा २एफ८ आणि ३, कॉम३ चा ३ई८ आणि पुन्हा ४, कॉम४ चा २ई८ आणि पुन्हा ३. पीसीआयच्या आधीच्या आयएसए कार्डांच्या काळात हे पत्ते कार्डावरच्या जंपरनं लावावे लागत आणि दोन कार्डांचा इंटरप्ट एकच झाला की दोन्ही रुसत. पीसीआयनं तो त्रास संपवला. पत्ता मशीन सुरू होताना आपोआप ठरतो आणि एकच इंटरप्ट अनेक कार्डं वाटून घेऊ शकतात.

म्हणून नव्या कार्डाचे पोर्ट बहुधा टीटीवायएस४ पासून पुढे सापडतात. इथे उबुंटू हे लिनक्सचं वितरण, म्हणजे तयार संच, एक गंमत करतं. डेव्ह फोल्डर उघडलं की टीटीवायएस० ते टीटीवायएस३१ अशी बत्तीस नावं दिसतात. लोक खूश होतात, पहिलं नाव प्रोग्रॅममध्ये घालतात आणि ‘इनपुट आउटपुट एरर’ खातात. त्या नावांपैकी बहुतेकांच्या मागे यंत्रच नाही, नुसती जागा धरून ठेवली आहे.

खरे पोर्ट कोणते, ते कर्नलच सांगतो. डी एम ई एस जी ही आज्ञा सुडोसह, म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकारानं, द्या आणि निकालात ‘टीटीवायएस’ शोधा. अमुक स्लॉटवर टीटीवायएस४, पत्ता ई०१०, इंटरप्ट १७, बेस बॉड ११५२००, चिप १६५५०ए, अशा अर्थाची ओळ मिळेल. ती कागदावर उतरवून ठेवा. तिच्यातला बेस बॉडचा आकडा पुढे लागणार आहे.

आता एक नमुनेदार दुखणं. चार पोर्टांचं कार्ड आहे, त्यातले तीन चालतात आणि चौथा मेलेला. दुकानदार कार्ड बदलून देतो, तरी तेच. डी एम ई एस जीच्या निकालात पाहिलं तर ‘सीरियल पोर्टची नोंद करता आली नाही’ अशा अर्थाची ओळ आणि तिच्या शेवटी उणे २८ हा आकडा. लिनक्समध्ये २८ चा अर्थ ‘जागा शिल्लक नाही’. हे वाचून कुणी हार्ड डिस्क रिकामी करायला घेतो, पण इथे जागा म्हणजे पोर्टांची जागा. काही वितरणांचा कर्नल सुरुवातीला सीरियल पोर्टांसाठी चारच जागा ठेवतो. एक मदरबोर्डावरच्या पोर्टानं घेतली, राखलेल्या पण रिकाम्या उरलेल्या तीन कार्डाला मिळाल्या, कार्डाचा चौथा पोर्ट बाहेर. उपाय एका ओळीचा आहे. इटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल असते, तिच्या कर्नल-आज्ञेच्या ओळीत ‘८२५०’, मग टिंब, मग ‘एनआर’, अंडरस्कोर, ‘यूएआरटीएस’, बरोबरचं चिन्ह आणि ८ असं घालायचं, अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत. मग अपडेट-ग्रब चालवून मशीन पुन्हा सुरू करायचं.

जुन्या मदतपुस्तिकांत या सगळ्यावर सेटसीरियल नावाची आज्ञा सांगितलेली असते. पत्ता अमुक, इंटरप्ट तमुक, चिप ढमुक असं हातानं भरायचं. आयएसएच्या जमान्यात ते बरोबर होतं. आजच्या कार्डावर ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पत्ता मशीन ठरवतं, आणखी एखादं कार्ड बसवलं की तो बदलू शकतो, आणि हातानं लिहिलेला आकडा मग दुसऱ्याच कुणाच्या तरी दारावर थाप मारतो. शिवाय सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयीमुळे कर्नलचं लॉकडाउन, म्हणजे रूटवरही बंधनं, चालू असेल तर पत्ता आणि इंटरप्ट बदलूच देत नाहीत. सेटसीरियल ठेवायची ती पाहण्यासाठी, आणि पुढे येणाऱ्या एका कामासाठी.

परवानगीचं एका परिच्छेदात आटपतो. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर पोर्ट जिवंत आहे, तुम्हालाच मज्जाव आहे. डेबियन आणि उबुंटूवर वापरकर्त्याला डायलआउट या गटात घाला, लॉगआउट करून परत या. सगळं रूट म्हणून चालवायची सवय लावून घेऊ नका, काट्याच्या केबिनमध्ये दिवसभरात दहा माणसं त्या कीबोर्डाला हात लावतात.

वेग चुकला की काय दिसतं

पोर्ट तपासायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कनेक्टरच्या पिन २ आणि ३ एका तारेनं जोडणं. मिनीकॉम या सीरियल पोर्टाशी बोलायच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केलेलं अक्षर तसंच परत आलं तर पोर्ट ठीक. तीन नंबरची पिन पाठवते, दोन नंबरची घेते, पाच नंबरची ग्राउंड. मात्र मिनीकॉम हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे समोरच्याची परवानगी वेगळ्या तारेवर मिळाली तरच पाठवायची सोय, चालू ठेवून येतो. तो कंट्रोल आधी बंद करा, नाहीतर पिन ७ आणि ८ वरची परवानगी न मिळाल्यानं टाइप केलेलं बाहेरच पडणार नाही. ‘वजन येतंय, पण काट्याला आज्ञा जाईना’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

ही चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. तिच्यात एक भोक आहे. पाठवणारी आणि घेणारी चिप एकच असल्यानं तिचं घड्याळ चुकीचं मोजलं जात असेल तरी अक्षर बरोबरच परत येतं. यूआर्टचं प्रचलित घड्याळ १.८४३२ मेगाहर्ट्झचं. त्याला १६ नं भागलं की ११५२००, आणि हाच तो बेस बॉड, म्हणजे चिपेचा कमाल वेग. पण काही कार्डांवर १४.७४५६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, त्याचा बेस बॉड ९२१६००, म्हणजे आठपट. कर्नलनं चिप ओळखली पण कार्डाचा क्रिस्टल ओळखला नाही, तर तुम्ही ९६०० मागता आणि तारेवर जातात ७६८००. इंडिकेटरला त्यातलं काही कळत नाही आणि तुमच्या पडद्यावर नुसता कचरा उमटतो.

याचा छडा घड्याळाकडे बघून लावता येतो. वेग ९६०० ठेवून ९६०० अक्षरांची फाइल पोर्टावर सोडा. दर अक्षराला दहा बिट, म्हणजे बरोबर दहा सेकंद लागले पाहिजेत. सव्वा सेकंदात संपली तर घड्याळ आठपट धावतंय. तेव्हा सेटसीरियलनं बेस बॉड ९२१६०० करा. मशीन बंद केलं की हे पुसलं जातं, म्हणून ती ओळ सुरुवातीला चालणाऱ्या एखाद्या सर्व्हिसमध्ये टाकून ठेवा.

सगळाच कचरा आला तर वेग चुकलाय. काही आकडे नीट आणि काही बिघडलेले आले तर संशय पॅरिटीवर, म्हणजे चूक ओळखायला जोडलेल्या जादा बिटावर. जुनी सीएनसी आणि काही इंडिकेटर सात बिट माहिती आणि एक इव्हन पॅरिटी बिट पाठवतात. आपण आठ बिट, पॅरिटी नाही असं ठेवलं की तो पॅरिटी बिट अक्षराचाच भाग समजला जातो. मग ०, ३, ५, ६, ९ हे आकडे शाबूत दिसतात आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. हे एकदा लक्षात ठेवलं की पडद्यावर नजर टाकूनच निदान होतं.

आणखी एक जागा फारशी कुणाला ठाऊक नसते. प्रॉक फोल्डरात टीटीवाय, त्यात ड्रायव्हर आणि त्यात सीरियल नावाची फाइल आहे, ती रूट म्हणून वाचा. प्रत्येक पोर्टापुढे किती बाइट गेले, किती आले आणि किती चुका झाल्या ते लिहिलेलं असतं. आलेल्यांचा आकडा हलतच नसेल तर दुखणं तारेत. एफई वाढत असेल तर अक्षराची चौकट जुळत नाही, म्हणजे वेग पाहा. पीई म्हणजे पॅरिटी. ओई वाढत असेल तर बाइट येतायत पण वेळेत उचलले जात नाहीत. अंदाजानं सेटिंग फिरवत बसण्यापेक्षा ही फाइल दोनदा वाचलेली बरी.

तार, वळीव आणि जंपर

केबल सरळ हवी की उलटी, हे कॅटलॉगमध्ये शोधू नका, मल्टिमीटर लावा. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे या सीरियल पोर्टाच्या मानकात, निवांत असलेली पाठवण्याची पिन ग्राउंडच्या तुलनेत ऋण असते, बहुधा उणे ५ ते उणे १२ व्होल्ट. इंडिकेटरच्या कनेक्टरवर पिन ५ ला काळी प्रोब धरून २ आणि ३ मोजा. जिथे ठळक ऋण व्होल्टेज येईल ती त्याची पाठवणारी पिन. ती कार्डाच्या २ नंबरला पोचली पाहिजे. इंडिकेटर सतत वजन पाठवत असेल तर आकडा नाचेल, म्हणून शक्यतो तो पाठवत नसताना मोजा.

मानकाप्रमाणे ही तार पन्नास फुटांपर्यंतची, म्हणजे सुमारे पंधरा मीटर. कमी वेगावर ती त्याहून लांबही चालते, पण इंडक्शन भट्टीच्या शेजारून तीस मीटर ओढलेली केबल एके दिवशी त्रास देणारच. इतकं अंतर असेल तर दोन्ही टोकांना आरएस-४८५ या लांब तारांसाठीच्या मानकाचे कन्व्हर्टर लावावेत. आणि एप्रिल-मे महिन्यात वळीव सुरू झाला की उघड्यावरच्या काट्यापासून आलेल्या तारेतून विजेचा झटका थेट पोर्टात शिरतो. त्यावर ऑप्टो-आयसोलेटर मिळतो, तो माहिती प्रकाशानं पुढे देतो आणि विजेची थेट वाट तोडतो. मी तो कार्डाबरोबरच घ्यायला लावतो.

कार्ड बसवण्याआधी त्यावरचे जंपर पाहा. काही कार्डांवर पिन ९ किंवा १ वर पाच अथवा बारा व्होल्ट सोडायची सोय असते, बारकोड स्कॅनरसाठी. ती चालू राहिली आणि समोर इंडिकेटर असला तर नुकसान कार्डाचं होईलच असं नाही, इंडिकेटरचं होऊ शकतं.

एवढी यातायात करण्यापेक्षा यूएसबी कन्व्हर्टर का नको, असं विचारलं जातं. एका पोर्टासाठी, टेबलावरच्या कामासाठी खुशाल घ्या. पण उबुंटू २२.०४ मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल यंत्रांचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम स्वस्त सीएच३४० कन्व्हर्टरला आपलंच यंत्र समजून पळवत असे. शिवाय दोन कन्व्हर्टर असले की कोण शून्य आणि कोण एक, हे कोण आधी लागलं त्यावर ठरतं. कार्ड स्लॉटमध्ये स्क्रूनं आवळलेलं असतं, केबिनमधल्या पोराचा पाय लागून ते निघत नाही.

कार्डाचं नाव मात्र तुम्ही स्वतः पक्कं करा. यूडेव्हमध्ये, म्हणजे लिनक्समध्ये यंत्रांना नावं देणाऱ्या भागात, एक नियम लिहून अमुक स्लॉटवरच्या पोर्टाला ‘काटा’ असं, अर्थात इंग्रजी अक्षरांत, दुसरं नाव द्या आणि पावतीच्या प्रोग्रॅममध्ये तेच घाला. उद्या आकडा टीटीवायएस४ चा टीटीवायएस५ झाला तरी प्रोग्रॅमला हात लावायला नको, फक्त नियम पाहायचा.

इतकं करून अक्षरं स्वच्छ आली, चुकांचे आकडे शून्यावर राहिले आणि तरीही १२,४५० किलोच्या ट्रॉलीचं वजन ०५,४२१ दिसलं, तर कार्डाकडे परत जाऊ नका. काही इंडिकेटर आकडे उलट्या क्रमानं, एककापासून पाठवतात. तिथे अडलंय ते पावतीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे.